संशोधन सर्वसामान्यांपुढे मांडताना: विज्ञान व्याख्यानाची तयारी, टप्प्याटप्प्याने

परिषदेतल्या भाषणातून समीकरणं काढून टाकली की सर्वसामान्यांसाठीचं व्याख्यान तयार होतं, या समजुतीमुळे बहुतेक विज्ञान व्याख्यानं फसतात. परिषदेला आलेल्या माणसाच्या मनात प्रश्न आधीपासून असतो, तो उत्तर ऐकायला आलेला असतो. सर्वसामान्य श्रोत्याच्या मनात तो प्रश्नच नसतो. त्यामुळे समीकरणं गाळून जे उरतं ते न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. तासभर लोक शांत बसतात, शेवटी टाळ्याही वाजवतात आणि घरी जाताना काय ऐकलं हे कुणाला सांगता येत नाही.

दुसरी सर्रास दिसणारी चूक क्रमाची. लॅपटॉप उघडून पहिल्यांदा स्लाइड करायला घेतल्या जातात. खाली दिलेल्या क्रमात स्लाइड सातव्या टप्प्यावर आहेत आणि ते मुद्दाम आहे. साधारण ४५ मिनिटांचं व्याख्यान आणि त्यानंतर २० ते ३० मिनिटं प्रश्नोत्तरं असं धरून हे लिहिलं आहे. तयारीला सहा आठवडे हाताशी ठेवा. चार आठवड्यांतही जमतं, पण मग तालमीचा बळी जातो.

टप्पा १: एकच प्रश्न लिहून काढा

कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं आणि त्यात असा एकही शब्द नको जो समजावून सांगावा लागेल.

‘गुरुत्वीय लहरींचा शोध: आजवरची प्रगती’ हा प्रश्न नाही, हे अहवालाचं शीर्षक आहे (गुरुत्वीय लहरी म्हणजे प्रचंड वस्तूंच्या टकरीसारख्या घटनांतून उठून अवकाशात पसरणारे तरंग). ‘१३० कोटी प्रकाशवर्षं दूर घडलेली टक्कर आपल्याला जमिनीवर बसून कळली कशी?’ हा प्रश्न आहे. दुसऱ्या वाक्यात विषय अरुंद झालाय असं संशोधकाला वाटतं आणि तिथेच हात आखडतो. पण श्रोत्यांना तुमच्या विषयाचा नकाशा नको असतो, त्यातल्या एका वाटेवरून कुणीतरी सोबत न्यावं असं वाटत असतं. प्रयोगशाळेतले तीनही प्रकल्प एका व्याख्यानात बसवायचा मोह इथेच मारा. एक ठेवा, दोन गाळा.

तपासा: हे वाक्य तुमच्या क्षेत्राबाहेरच्या दोघांना वाचून दाखवा. त्यांनी लगेच उलट काही विचारलं (‘म्हणजे? टक्कर कशाची?’) तर प्रश्न चालतो. ‘छान विषय आहे’ असं म्हणून ते थांबले तर पुन्हा लिहा.

सावधान: शीर्षक आणि पोस्टरवरचा मजकूर तुम्ही स्वतः लिहून द्या आणि छापण्यापूर्वी एकदा बघायला मागा. माझ्या ओळखीच्या एका व्याख्यानात पेशींवर, ताटलीत केलेल्या प्रयोगांविषयी बोलायचं ठरलं होतं. आयोजकांनी पोस्टरवर ‘नवा उपचार’ असं छापलं. त्या संध्याकाळी रुग्णांचे रिपोर्ट फायलीत घालून काही कुटुंबं आली होती. त्यांना समजावून सांगणं वक्त्याला जमलं, पण ती निराशा दोन शब्दांच्या हलगर्जीपणातून आली होती. आरोग्याशी दुरूनही संबंध असलेला विषय असेल तर हा इशारा दुप्पट गांभीर्याने घ्या.

टप्पा २: आयोजकांना हे विचारा

श्रोते कोण असतील, शाळकरी मुलं, निवृत्त मंडळी की मिश्र? किती जण? एकूण वेळ किती आणि त्यातून स्वागत, परिचय, सत्कार किती खाणार? कार्यक्रमाचं चित्रीकरण होऊन ते सगळ्यांसाठी खुलं राहणार आहे का? प्रश्न कोण हाताळणार?

वेळेचा प्रश्न संकोच न करता विचारा. ‘एक तास’ म्हणून बोलावलेल्या कार्यक्रमात नमनाला घडाभर तेल जातं आणि हातात ३५ मिनिटं उरतात. परिचय तुम्हीच चार ओळींत लिहून द्या. पुरस्कारांची यादी नको. तुम्ही रोज नेमकं काय करता हे त्यात असलं की पुरे.

टप्पा ३: दाव्यांची तीन गटांत विभागणी

बहुतेक जण हा टप्पा वगळतात. ताज्या संशोधनावर बोलताना मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

व्याख्यानात जी जी विधानं कराल ती एका खाली एक लिहा. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा. पहिली: अनेक गटांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलेलं. दुसरी: इतर तज्ज्ञांच्या समीक्षणातून गेलेलं, पण अलीकडचं आणि अजून स्वतंत्रपणे पडताळून न पाहिलेलं. तिसरी: एका गटाचं, प्रीप्रिंटच्या (समीक्षणाआधीच खुल्या केलेल्या शोधनिबंधाच्या) अवस्थेतलं किंवा तुमचा स्वतःचा अंदाज.

हे कशासाठी, ते दोन उदाहरणांवरून कळेल. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत पोचणारे न्यूट्रिनो (अतिशय हलके मूलकण) प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसतात. गटाने स्वतःच इतरांना ते तपासण्याचं आवाहन केलं होतं. पुढच्या वर्षी मुख्य कारण सापडलं: नीट न बसलेली ऑप्टिकल फायबरची एक जोडणी. मार्च २०१४ मध्ये बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या गुरुत्वीय लहरींची खूण मिळाल्याचं जाहीर केलं. प्लांक उपग्रहाच्या माहितीसह केलेल्या २०१५ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, की आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा हिशोब धरल्यावर ती खूण टिकत नाही.

मधल्या काळात या दोन्हींवर व्याख्यानं झाली. ज्यांनी ‘प्रकाशाहून वेगाने काही जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला’ असं सांगितलं त्यांच्या श्रोत्यांना पुढे वाटलं असणार की शास्त्रज्ञ आज एक आणि उद्या एक बोलतात. ज्यांनी ‘एक विचित्र आकडा मिळालाय आणि त्यात चूक कुठे असू शकेल ते शोधणं चालू आहे’ असं सांगितलं त्यांच्या श्रोत्यांना पुढची बातमी कळल्यावर संशोधन कसं चालतं ते प्रत्यक्ष दिसलं. फरक फक्त खूण करण्याचा होता.

तिसऱ्या खुणेच्या गोष्टी गाळायच्या नाहीत. लोक त्यासाठीच येतात. फक्त वाक्याची सुरुवात बदलायची: ‘हे अजून पक्कं नाही, पण आम्हाला असं दिसतंय की…’

तपासा:
– प्रयोग उंदरांवर, पेशींवर की माणसांवर, हे त्याच वाक्यात आहे ना? पुढच्या स्लाइडवर नको, त्याच वाक्यात.
– अप्रकाशित निष्कर्ष दाखवण्याआधी सहकाऱ्यांची आणि गटप्रमुखांची परवानगी घेतली आहे ना? शोधनिबंध नियतकालिकाकडे असेल तर प्रसिद्धीच्या तारखेविषयीची त्यांची अट वाचली आहे ना?
– संशोधनाला पैसा कुठून आला, कुठल्या कंपनीशी तुमचा आर्थिक संबंध आहे का, हे एका वाक्यात सांगायचं ठरलंय ना?

टप्पा ४: ‘काय कळलं’पेक्षा ‘कसं कळलं’

आता सांगाडा, तोही कागदावरच. निष्कर्ष बातम्यांत वाचायला मिळतात. व्याख्यानाला यायचं कारण म्हणजे ते कसं कळलं हे करणाऱ्याच्या तोंडून ऐकणं. म्हणून वेळेचा सर्वांत मोठा वाटा इथे द्या.

गुरुत्वीय लहरींचंच उदाहरण पुढे नेऊ. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या (या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या प्रकल्पाच्या) दोन वेधयंत्रांत एक संकेत आला, टप्पा १ मधल्या त्या टकरीचा. प्रत्येक यंत्राच्या भुजा चार किलोमीटर लांब आणि त्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका. हे ऐकल्यावर कुणाच्याही मनात एकच शंका येते: जवळून एखादा ट्रक गेला असेल तर? हीच शंका तुमच्या व्याख्यानाचा कणा आहे. ती श्रोत्यांच्या मनात येऊ द्या, मग ती एक-एक पायरीने सोडवा. यंत्रं दोन होती, एक लिव्हिंगस्टनला, दुसरं हॅनफर्डला, मध्ये सुमारे ३,००० किलोमीटर. दोन्हीकडे एकाच आकाराचा संकेत, फक्त ७ मिलिसेकंदांच्या अंतराने. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला हे अंतर कापायला जास्तीत जास्त १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे हिशोब जुळतो. ट्रक दोन्हीकडे एकाच वेळी जात नाही. आणखी एक शंका गटाच्या आतलीच होती: २०१० मध्ये संशोधकांची परीक्षा घेण्यासाठी यंत्रणेत गुपचूप एक खोटा संकेत सोडला होता, हाही तसाच नसेल ना? ती शक्यताही तपासून बाजूला सारली गेली. जाहीर घोषणा झाली ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, जवळजवळ पाच महिन्यांनी. ते पाच महिने हेच व्याख्यान आहे.

तुमच्या विषयात अशी ‘ट्रकची शंका’ कोणती? ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. ती बहुतेकदा शोधनिबंधाच्या पद्धतीविषयक भागात किंवा समीक्षकांच्या पत्रात दडलेली असते.

वेळेची विभागणी मी अशी ठेवते: प्रश्न उभा करायला ५ मिनिटं, लागणारी पार्श्वभूमी १०, शंका आणि तिची उकल २०, काय कळलं आणि काय अजून कळलेलं नाही यासाठी ७, हातचे ३. पार्श्वभूमी दहा मिनिटांपलीकडे जात असेल तर प्रश्न चुकीचा निवडलाय, टप्पा १ कडे परत जा.

टप्पा ५: शब्द आणि आकडे

परिभाषेतले अपरिचित शब्द जास्तीत जास्त तीन ठेवा. प्रत्येक शब्द पहिल्यांदा येतो तिथे आधी वस्तू किंवा घटना दाखवा, मग तिचं नाव सांगा. आधी नाव आणि मग व्याख्या हा पाठ्यपुस्तकाचा क्रम, ऐकणाऱ्याला तो पेलत नाही.

मराठीत बोलताना एक निर्णय आधीच घ्यावा लागतो: मराठी संज्ञा की इंग्रजीतून आलेली? पेशी, जनुक, प्रथिन, कृष्णविवर हे शब्द रुळलेत, ते बिनधास्त वापरा. एन्झाइमला विकर म्हणायचं असेल तर एकदा दोन्ही सांगा आणि मग एकच शब्द शेवटपर्यंत धरा. पहिल्या भागात विकर, तिसऱ्यात एन्झाइम असं झालं की अर्ध्या श्रोत्यांना त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. आणखी एक खाचखळगा: मराठीत अणू म्हणजे अॅटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल, पण हिंदीत मॉलिक्यूलला अणु आणि अॅटमला परमाणु म्हणतात. हिंदीतून शिकलेले श्रोते समोर असतील तर हे एका वाक्यात स्पष्ट करा.

ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांना जास्त जपा, कारण ते कुणी विचारत नाही. ‘थिअरी’ म्हणजे लोकांच्या लेखी नुसता तर्क. ‘लक्षणीय फरक’ म्हणजे मोठा फरक, तुमच्या लेखी मात्र निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी असलेला फरक. ‘त्रुटी’ म्हणजे कुणीतरी केलेली चूक. शेवटच्याच्या जागी ‘मोजमापातली अनिश्चितता’ म्हणा.

आकड्यांत तीन चुका वारंवार होतात.

पहिली रूपांतराची. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. विश्वाचं वय १३.८ बिलियन वर्षं, म्हणजे १,३८० कोटी. बोलण्याच्या ओघात इथे एखादं शून्य सहज निसटतं, म्हणून स्लाइडवर आणि टिपणात आकडा मराठी मोजणीतच लिहून ठेवा.

दुसरी ‘दुप्पट धोका’ म्हणून थांबण्याची. समजा १०,००० माणसांत एकाला होणारा आजार दोघांना होऊ लागला, तर धोका दुप्पट झाला हे खरं, पण ९,९९८ जणांच्या बाबतीत काहीच बदललं नाही हेही तितकंच खरं. दोन्ही सांगा, आधी माणसांचे आकडे, मग प्रमाण.

तिसरी शक्यतेचा अर्थ उलटा लावण्याची. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनसारखा (मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं याच्याशी जोडलेला) कण सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा ‘हा कण नसण्याची शक्यता ३५ लाखांत एक’ असं ठिकठिकाणी सांगितलं गेलं. तसं म्हणणं चूक आहे. कण नसताच तर निव्वळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता तितकी कमी होती, इतकाच त्याचा अर्थ. वाक्य लांब होतं, पण तेच म्हणा.

टप्पा ६: उपमा वापरा आणि ती कुठे तुटते तेही सांगा

ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवून अवकाशाचं वाकणं दाखवतात. डोळ्यांना पटतं, पण चादर खाली वाकते ती पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळेच. म्हणजे जे समजावायचं तेच गृहीत धरलेलं. चुणचुणीत शाळकरी मूल हे हमखास पकडतं. तुम्हीच आधी सांगितलंत की ‘ही उपमा इथपर्यंतच चालते’, तर त्या मुलाचा विश्वास बसतो. एका कल्पनेला एकच उपमा द्या. चादर, मग पाणी, मग जाळं असं केलंत तर उपमाच लक्षात राहतात, कल्पना नाही.

टप्पा ७: आता स्लाइड

एका स्लाइडवर एक गोष्ट. शोधनिबंधातला आलेख जसाच्या तसा चिकटवू नका, तो पुन्हा काढा: एकच रेघ, मोठी अक्षरं, अक्षांवर काय मोजलंय ते साध्या शब्दांत. आलेख पडद्यावर आला की आधी आडवा अक्ष, मग उभा, मग रेघ असं बोटाने दाखवत सांगा. तुम्हाला तो अर्ध्या सेकंदात वाचता येतो, समोरच्याला अर्धा मिनिट लागतो. लाल आणि हिरवा एवढाच फरक ठेवू नका, काही जणांना तो दिसत नाही.

चित्रांच्या बाबतीत प्रामाणिकपणा पाळा. १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेलं एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं चित्र नारिंगी दिसतं, पण ते १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींच्या मोजमापातून उभं केलेलं आहे, रंग माणसांनी दिलेला. कल्पनाचित्र असेल तर कोपऱ्यात ‘कल्पनाचित्र’ असं लिहा.

सावधान: देवनागरी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर फुटतात. सादरीकरणाची पीडीएफ प्रत जवळ ठेवाच.

टप्पा ८: रंगीत तालीम

मनातल्या मनात वाचणं ही तालीम नव्हे. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून, कुणाच्या तरी समोर. दोनदा.

पहिल्या तालमीला विषयाबाहेरची व्यक्ती बसवा आणि तिला फक्त एक काम द्या: जिथे धागा सुटला तिथे कागदावर रेघ मारायची. कारण विचारत बसू नका, त्या जागा दुरुस्त करा. दुसऱ्या तालमीला विषयातला सहकारी बसवा, चुकीचं विधान पकडायला. हा क्रम उलटा करू नका. तज्ज्ञ आधी आला तर तो बारकावे घालायला लावतो आणि व्याख्यान पुन्हा परिषदेच्या वळणावर जातं.

तपासा: तालीम ४२ मिनिटांत संपली पाहिजे. जास्त होत असेल तर वेगाने बोलू नका, एक भाग अख्खा काढा. कोणता काढायचा हे आज ठरवा, व्यासपीठावर नव्हे.

टप्पा ९: त्या दिवशी

तासभर आधी पोचा. प्रोजेक्टर, आवाज, पॉइंटर, शेवटच्या रांगेतून अक्षरं दिसतात का, एवढं बघा. कॉलर माइक मिळाला तर घ्या, हात मोकळे राहतात.

सुरुवात प्रश्नानेच करा. ‘मला बोलावल्याबद्दल…’ने सुरू होणारी दोन मिनिटं श्रोत्यांच्या सर्वांत ताज्या लक्षातली असतात. आभार शेवटी माना.

टप्पा १०: प्रश्नोत्तरं

यालाही तयारी लागते. सर्वांत अवघड वाटणारे दहा प्रश्न लिहून प्रत्येकाचं दोन-तीन वाक्यांचं उत्तर तयार ठेवा. ‘याचा उपयोग काय?’ हा त्यात असतोच. त्यावर ओढूनताणून भविष्यातल्या यंत्रांची नावं घेऊ नका. थेट उपयोग अजून नसेल तर नाही म्हणा आणि तुम्ही स्वतः हे का करता ते सांगा.

प्रत्येक प्रश्न आधी माइकवर पुन्हा उच्चारा. मागच्यांना ऐकू येतं आणि तुम्हाला विचार करायला क्षण मिळतो. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ एवढं पुरे, त्यापुढे अंदाज जोडलात तर तो अंदाज आहे असं म्हणा. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजाराबद्दल कुणी विचारलं तर सल्ला देऊ नका, पण झटकूनही टाकू नका: हा प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नेमका कसा विचारावा, ते सांगता येतं.

प्रश्नाच्या नावाखाली कुणी भाषण सुरू केलं तर थांबवायचं काम सूत्रसंचालकाचं, हे आधी ठरवून ठेवा. एखादा दावा विज्ञानाविरुद्ध असेल तरी माणसाला हसू नका. ‘तुम्हाला हे कशावरून वाटतं?’ असं विचारा आणि त्यांच्या पुराव्यावर बोला. बाकीचं सभागृह तुमचं उत्तर ऐकतं, तसाच तुमचा सूरही.

पहिला प्रश्न यायला वेळ लागतो. दहा सेकंदांची शांतता घाबरून भरून काढू नका. लहान मुलांना आणि मागच्या रांगेला आधी संधी द्या, पुढच्या रांगेतले हात खाली जात नाहीत.

टप्पा ११: नंतरचा आठवडा

त्याच रात्री तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठल्या जागी लोक चुळबुळले, कुठला प्रश्न दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आणि कुठे तुम्ही पक्कं माहीत नसलेलं ठामपणे बोललात. दोघांनी विचारलेला प्रश्न म्हणजे तुमच्या मांडणीतली फट, ती पुढच्या व्याख्यानाआधी बुजवा.

चित्रीकरण खुलं होणार असेल तर ते एकदा पूर्ण बघा. चुकीचा आकडा सापडला तर आयोजकांना कळवून दुरुस्ती वर्णनात, पहिल्या ओळीत, वेळेसह लिहायला सांगा. ‘मला माहीत नाही, बघून सांगते’ असं ज्यांना म्हटलं त्यांचा पत्ता किंवा इमेल त्याच वेळी घेतलेला असेल, त्यांना आठ दिवसांच्या आत उत्तर पाठवा. उत्तर ‘हे अजून कुणालाच माहीत नाही’ असं निघालं तरी पाठवा, आणि त्यावर कोण काम करत आहे तेही लिहा.